परतीचा माल

रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या कुठल्याही टेम्पोच्या पाठीवर बाई बोटाच्या पेराने टकटक करत. बाजारात आपण कलिंगड वाजवून बघतो ना, तसं. मग कान तिरका करून जाहीर करत, "रिकामा!" आणि ड्रायव्हर जिथे चहा पीत असेल तिथे जाऊन त्याला विचारत, "काय भाऊ, येताना काय आणलंत?"

ड्रायव्हर बिचारा गडबडून जाई. कुणी त्यांना आरटीओच्या साहेब समजे, कुणी जकातवाल्या. "कुछ नहीं लाया मॅडम, कसम से," असं एकाने कानाला हात लावून सांगितलेलं मी स्वतः ऐकलं आहे. "तेच तर म्हणतेय," बाई म्हणाल्या, "का नाही आणलंत?"

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात बाई वाहतुकीचं अर्थशास्त्र शिकवत आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमचं टेबल एकच. माल इकडून तिकडे कसा जातो, त्याला खर्च किती येतो आणि गाडी परतताना रिकामी का येते, हा त्यांचा विषय. यातल्या शेवटच्या प्रश्नावर त्यांनी पीएच.डी. केली होती. ती इतकी लांबली, की त्यांच्या मार्गदर्शकांचं निवृत्त होणंही त्यातच उरकलं. प्रबंध मी वाचलेला नाही. पण टेबलापलीकडून तो रोज ऐकला असल्यामुळे तोंडी परीक्षा मीही दिली असती.

कॉलेज सुटलं तरी ज्यांचा विषय सुटत नाही अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बाई अंबरनाथला, शिवमंदिराच्या अलीकडे राहत. त्यांच्याकडे गेलं की रिकाम्या हाताने निघणं अशक्य. "स्टेशनकडेच चाललीस ना? मग हा चष्मा दुकानात टाक." "कॅम्प एकला जातेस तर ही साडी फॉलला दे." चहा संपून मी उठायला लागले, की त्यांचे यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणत, "बसा जरा, तुमचं लोडिंग व्हायचंय अजून."

आमच्या दोघींमध्ये एक कडीचा स्टीलचा डबा होता. मुळात तो कुणाचा, हे दोघींनाही आठवत नसे. त्यांनी नारळाच्या वड्या पाठवल्या, डबा रिकामा कसा द्यायचा म्हणून मी चकल्या घातल्या, आणि जे सुरू झालं ते थांबलंच नाही. "बघ," बाई म्हणत, "मला प्रबंध लिहायला एवढी वर्षं लागली आणि आपल्या आया हे डब्यावर शिकवून गेल्या." असं म्हणताना त्यांच्या तोंडात माझी चकली असे.

एका वर्षी प्राचार्यांनी त्यांना बोलावून घेतलं. विषय ऐच्छिक होता आणि मुलं तो घेत नव्हती. "पुढच्या वर्षी वर्ग भरला नाही, तर विषय बंद करावा लागेल, मॅडम." बाई टेबलाशी येऊन बसल्या आणि हजेरीपटावरची नावं पुन्हा पुन्हा मोजायला लागल्या. त्यांच्या मागे तो विषय शिकवणारं आमच्याकडे दुसरं कुणी नव्हतं. एकदा बंद झाला असता तर पुन्हा उघडला नसता.

दुसऱ्या दिवशी बाई वर्गासाठी मुलं मिळवायला कॅम्प एकच्या बाजारात दुकानोदुकानी फिरायला लागल्या. लोखंडी कपाटं बनवणाऱ्या एका सिंधी शेठनी त्यांना थंडा पाजला आणि विचारलं, "मॅडम, ये पढके बच्ची क्या करेगी? टेम्पो तो अपने पास हैइच."

"है ना. पर वापस खाली क्यूं आता है?"

शेठ विचारात पडले. त्यांची मुलगी कविता त्या वर्गात आली ती अशी. पण एका कविताने वर्ग थोडाच भरतो? मग बाईंनी ठरवलं, आता प्रयोगच करून दाखवायचा.

प्रयोग असा. लग्नसराईत शेठचा टेम्पो नवरीचं कपाट आणि पलंग घेऊन बदलापूरच्या बाजूला गावोगाव जाई. एक फेरी चामटोलीची होती. तिथल्या बायका भेंडी आणि काकडी डोक्यावर घेऊन बाजार गाठत. परतताना टेम्पोने तीच भाजी उल्हासनगरच्या मंडईत आणायची. गाडी भरलेली येईल, बायकांची पायपीट वाचेल, आणि प्राचार्यांपुढे ठेवायला काहीतरी होईल. बाईंनी नकाशा काढला, वाट आखली, मंडईत गाळा ठरवला. 'साक्षीदार' म्हणून मलाही नेलं.

चामटोलीच्या फाट्यावर भेंडीच्या पाट्या मांडून आम्ही उभ्या होतो. कविता, वर्गातली चार पोरं, भाजीवाल्या बायका आणि मधोमध छत्री धरून बाई. टेम्पो आला. बाई पुढे झाल्या, बोट उचललं, पण टकटक करायची वेळच आली नाही. टेम्पोतून गाणी ऐकू येत होती.

आत वऱ्हाड होतं. अंबरनाथची सगळी पाहुणेमंडळी, दोन तांदळाच्या गोणी, भोपळे, आणि एक आजी चक्क खुर्ची टाकून बसलेली. ड्रायव्हर ओशाळून खाली उतरला. मागून नवऱ्याकडचे एक काका आले. "पावन्यांचा टेम्पो रिकामा परत कसा लावाचा, बाय? बरा दिसल का?"

बाईंनी हातातला नकाशा उलगडून पाहिला. नकाशात सगळं होतं, फक्त लग्न नव्हतं.

"चला ना बाय, जागा करतो!" आजी म्हणाल्या. आणि खरंच, सगळे सरकले. आम्ही चढलो, भेंडीच्या पाट्या पाहुण्यांच्या मांडीवर गेल्या. बदलापूर येईपर्यंत एकीने भेंडी कोवळी आहे का हे मोडून पाहिलं, दुसरीने भाव विचारला, आणि अंबरनाथला उतरताना पाट्या रिकाम्या होत्या. मंडईचा गाळा बिचारा वाट बघत राहिला. भाजीवाल्या मात्र खूष होत्या.

प्राचार्यांना दिलेल्या अहवालात बाईंनी प्रामाणिकपणे लिहिलं, 'सदर मार्गावर रिकामी फेरी आढळली नाही.'

"म्हणजे तुमचा प्रश्नच मिटला की!" प्राचार्य म्हणाले. "आता विषय कशाला हवा?"

पण गोष्ट पोरांनी कॉलेजभर केली होती. ज्या विषयात टेम्पोतून वऱ्हाडाबरोबर गाणी म्हणत यायला मिळतं, तो विषय कोण सोडेल? पुढच्या वर्षी वर्गात बाकं कमी पडली. बाई मला म्हणाल्या, "ही काही संशोधनाची पद्धत नव्हे." पण गालात हसत होत्या.

निवृत्तीनंतर त्या मुलाकडे नाशिकला गेल्या. सामान शेठच्याच टेम्पोने गेलं. निघताना मला म्हणाल्या, "गाडी रिकामी यायची नाही, बघशील." आम्ही स्टाफरूममध्ये पैजा लावल्या, द्राक्षं की कांदे. टेम्पो आला, ड्रायव्हरने मागचं फळकूट पाडलं. एवढ्या मोठ्या रिकाम्या गाडीत, कोपऱ्यात, दोरीने चारही बाजूंनी करकचून बांधलेला आमचा डबा होता. आत चिवडा. मी हसले आणि मग रस्त्यातच मला रडू आलं.

त्यानंतर डबा शेठच्या टेम्पोने नाशिकला जाऊ-येऊ लागला. काही वर्षांनी कविता आमच्याच कॉलेजात शिकवायला लागली, बाईंचाच विषय, आमच्याच टेबलावर. तिने फोन करून सांगितलं तेव्हा बाईंनी अभिनंदन करण्याआधी विचारलं, "वर्ग भरलाय ना?"

दिवाळीत मी डब्यात करंज्या पाठवल्या. डबा तिकडे असतानाच बाई गेल्याचा फोन आला. कविता नाशिकला जाऊन आली आणि येताना तिने डबा आणला. घासून पुसून लख्ख केलेला.

"घरात सुतक आहे ना, मॅडम. त्यांच्या सूनबाईंनी तसाच दिला," ती म्हणाली. "मला वाटलं, रस्त्यात कुछ तो भरून घेते. पण हिंमत नाही झाली. बाईंना खोटा माल चालला नसता."

तिने डबा टेबलावर ठेवला आणि नकळत त्यावर बोटाच्या पेराने टकटक केली. आम्ही दोघींनी ऐकलं. रिकामा, हे मात्र कुणी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्यात नारळाच्या वड्या भरल्या आणि तो कवितापुढे सरकवला.

"हा परत कधी द्यायचा, मॅडम?"

"कधीही दे," मी म्हटलं. "कसा द्यायचा, ते तुला माहीत आहे."