शेवटच्या डब्याची पाटी

डिंकाच्या डबीभोवती माणसं बसली की बोटं चिकटतात, तसे किस्सेही चिकटतात. आमच्या पांढुर्ण्यातल्या सायकल दुकानात तेच झालं. दुकान माझ्या दादाचं. पंक्चर काढता काढता तो संत्र्याच्या पेट्यांच्या फळ्यांतून छोटी मालगाडी बनवायचा. सगळं हातानं! या उन्हाळ्यात दादा गेला अन् एक डबा अर्धा राहिला. तो मी आणि त्याचा दोस्त गुणवंत पेंटर पुरा करत बसलो. रडू आलं की एक किस्सा सांगायचा, असं आमचं ठरलं होतं.

*

दादाला माप खऱ्या डब्याचंच पाहिजे! स्टेशनात मालगाडी उभी होती. त्यानं सुतळीचं टोक डब्याच्या कडीला बांधलं अन् गुंडा सोडत फलाटावरून निघाला. तेवढ्यात गाडीच निघाली.

"सोड बे मंगेश, सोड!" गुणवंत ओरडला.

"अन् माप?"

"ते नागपूरले चाललं! तिकडं फोन लाव!"

*

डब्याला रिवेटची बारीक गोल डोकी पाहिजेत म्हणून दादानं वहिनीची मोहरी पळवली. एकेक दाणा खळीनं चिकटवला. हवा पावसाळी, त्यात डबा ओल्या पोत्यावर राहिला. काही दिवसांनी पाहतो तर हिरवे कोंब!

वहिनी म्हणाली, "अहो, मालगाडी निंदाले या!"

दादा खूश. "माल लादाची गरजच नाही. रस्त्यानं उगवते!"

*

मी आठवीत शाळा सोडली. डोक्याआधी माझा हात चालतो. अर्ध्या डब्याचं छप्पर मी झटक्यात ठोकून टाकलं. उचलला तर आत खडखड. दादाची पकड आतच!

"रिकामा डबा चालवाचाच नाही, हे तुमचं खानदानीच हाय काय?" गुणवंत म्हणाला.

छप्पर उचकटलं, पकड काढली, पुन्हा ठोकलं. पुन्हा खडखड! या वेळी आत गुणवंतचा चष्मा होता.

*

खऱ्या मालगाडीच्या शेवटच्या डब्यामागं एक पाटी लटकते. ती दिसली की स्टेशनवाल्याला कळतं, गाडी पुरी आली, मागं काही राहिलं नाही. आमच्या गाडीची पाटी रंगवायला गुणवंत कधीचा मागे लागला होता. दादा हाकलायचा, "पाटी लावली तं गाडी संपली. अजून डबा बनून राहिला ना बे!"

काल डबा पुरा झाला. गाडीला जोडून ढकलला, तर सरळ धावला! गुणवंतनं खिशातून पाटी काढली. नखाएवढी, पिवळी. वहिनीही येऊन बसली होती.

वहिनीच म्हणाली, "लावा भाऊजी. पुरी झाली त्यायची गाडी."

मी पाटी घेतली, डबा उचलला, मागं जागा शोधली. पुढचा डबा अडकवायचा हूक दादानं तिथं कधीचाच बसवून ठेवला होता.

पाटी मी गुणवंतच्या खिशात परत टाकली.

"वहिनी, घरात संत्र्याची पेटी हाय काय?"

वहिनीनं डोळे पुसले अन् उठली.

"पेटी देते. मोहरीले हात लावाचा नाही!"