न्हेम आजोबांचा डबा

न्हेम आजोबा मला पहिल्यांदा भेटले ते माझ्या गाडीपुढे आडवे होऊन. मी करकचून ब्रेक दाबला, गाडी गर्रकन फिरली, मागचे केळीचे घड माझ्या मानेवर आले आणि अर्धं गाव माझं प्रेत बघायला जमलं. खाली उतरून मी शिवी द्यायला तोंड उघडेपर्यंत म्हातारा तीन बदकं आणि एक चटई घेऊन माझ्या शेजारच्या सीटवर जाऊन बसलाही होता. "चल रे," म्हणाला, "उभा काय राहिलास?" पुढची सात वर्षं ती सीट त्यांचीच होती.

त्यांचा धाकटा मुलगा रीम सैन्यात शिपाई होता. उत्तरेच्या जंगलातल्या पडक्या देवळाच्या दारात सुरुंगावर पाय पडून तो गेला. हाडंही परत आली नाहीत. मेलेली माणसं पितरांच्या पंधरवड्यात घरच्यांना शोधत विहारोविहारी हिंडतात. पण आजोबा म्हणायचे, "तो कसला येतोय? पाय कुठायत त्याला? आपणच जायला हवं."

भिक्खू जेवल्याशिवाय घास पितराला पोचत नाही, आणि दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाही. म्हणून सातव्या वर्षी भन्ते प्रुमना घेऊन आम्ही उजाडताच निघालो. डबा आजोबांच्या मांडीवर होता. त्यात रीमच्या आवडीचा, डुकराचं मटण घालून केळीच्या पानात उकडलेला चिकट भात.

जंगल लागलं तसं राखणदेवाच्या पहिल्या खोपटाशी आजोबांनी गाडी थांबवली. उतरले, तीन उदबत्त्या लावल्या, आत शिरायची परवानगी मागितली. दुसऱ्या खोपटाशीही तेच. सहाव्याला मी म्हणालो, "आजोबा, एकाला सांगितलं की तो पुढच्याला सांगेल की."

"शेजाऱ्याला विचारून तू दुसऱ्याच्याच घरात शिरतोस का रे?"

भन्त्यांनी घड्याळ पाहिलं. "उपासक, सूर्य काही थांबत नाही हो."

"रीम न विचारता शिरला होता, भन्ते."

अशी अकरा खोपटी झाली. मग चाक चिखलात रुतलं. ते निघेना, तेव्हा उरलेली वाट आम्ही सुरुंगाचा इशारा देणाऱ्या कवटीच्या लाल पाट्यांमधून, एकाच्या पावलावर दुसऱ्याने पाऊल ठेवत चाललो. डबा आजोबांच्या डोक्यावर.

देवळाची दगडी चौकट तेवढी उभी होती. मागे नुसता ढिगारा आणि झाडांची मुळं. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

आजोबांनी डबा उघडून पुढे केला. भन्त्यांनी मान हलवली.

"दहाच मिनिटं झालीत," आजोबा म्हणाले.

"मी सुत्तं म्हणतो ना. पुण्य पोचेल त्याला."

"उपाशी पोराला गाणी ऐकवताय?"

भन्त्यांनी तरीही सगळी सुत्तं म्हटली. आजोबा चौकटीकडे पाठ करून बसून राहिले.

गाडीशी परतल्यावर त्यांनी डबा माझ्याकडे सरकवला. "खा. आंबेल नाहीतर."

मी खाल्लं. भूक लागली होती.

"पुढच्या वर्षी अंधारातच निघू," ते म्हणाले.

मार्चमध्ये ते तापाने गेले. आता देवळापर्यंत डांबरी रस्ता झालाय. आमच्या गावाहून पन्नास मिनिटं लागतात.