बालवाडीवरची घोंगडी

"घोड्याला झेपंल का?" कोणतीही वस्तू आधी हातात तोलायची आणि मग हे विचारायचं. जळोचीच्या आमच्या बालवाडीतल्या मदतनीस आक्कांची ही सवय. पातेलं असो, पाटी असो, नाहीतर माझी नवी पर्स! उमेदीची वर्षं त्या मेंढरांमागं हिंडल्या, सगळा संसार एका घोड्याच्या पाठीवर लादून. आता घोडा नव्हता, मेंढरं कऱ्हाटीला भावाकडं होती, पण तोलणं काही सुटलं नव्हतं. अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. बालवाडीची खोली ठेंगणी, वरचा स्लॅब पातळ. उन्हाळ्यात दुपारी आत नुसती भट्टी. पोरं घामानं निथळून रडायची, आजारी पडायची. फाल्गुनातच वरच्या ऑफिसातून निरोप आला, पुढच्या महिन्यापासून उन्हाळाभर खोली बंद. पोरं आमच्याकडं ठेवून आया खुरपायला जायच्या. त्यांचं कामच सुटलं असतं. आक्का तडकल्या. "बंद कशापायी? वर पांघरूण घालू की!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्यानं काळी माती वर न्यायला सुरुवात केली. इमारतींची देखरेख करणाऱ्या ओव्हरसियरसाहेबांनी पाहिलं आणि ते ओरडलेच, "आक्का, स्लॅब खाली येईल! माती भिजली की केवढी जड होते!"

आक्कांनी ओली माती मुठीत तोलली. "व्हय की. घोडा बसंल खाली." आणि तितक्याच उत्साहानं सगळी माती खाली आणली. चुकलं तर चुकलं, त्यांना त्याची लाज वाटत नसे. मला हे फार आवडायचं.

मग वर कांद्यावरची जुनी ताडपत्री अंथरली, तिच्यावर गुऱ्हाळातली वाळकी चिपाडं, थोडंसं लेंडीखत आणि गावभरातून मागून आणलेली फाटकी घोंगडी. पोरांनी हात धुतले की ते पाणी वर जायचं. लेंड्यांतलंच बी रुजलं आणि महिन्याभरात स्लॅबवर गवत डोलू लागलं. खोली खरंच गार झाली. पण साहेब म्हणाले, "वजन तपासल्याशिवाय पोरं आत घ्यायची नाहीत." दाराला कुलूप लागलं.

तपासणीच्या दिवशी गवत जरा नेटकं दिसावं म्हणून आक्कांनी भावाची मेंढरं बोलावली. मला म्हणाल्या, "दोनच चढवते, बाई." एक चढलं, दुसरं चढलं आणि त्यांच्यामागं अख्खा कळप! साहेब आले तेव्हा कठड्यावरून दाटीवाटीनं तोंडं त्यांच्याकडं बघत होती.

"आक्का, उतरवा आधी!"

"उतरवते, सायेब! पर म्होरकं कंचं त्येच घावंना!"

अखेर एकाला कानाला धरून खाली ओढलं, तसा सगळा कळप धडधडत उतरला. साहेबांनी कुलूप काढून आतून स्लॅब निरखला. तडा नव्हता. मग त्यांना असं हसू फुटलं की बोलवेना. "एवढी फौज झेपली, तर गवताचं काय घेऊन बसलात! उद्यापासून पोरं आणा."

काही वर्षांनी आक्का गेल्या, वैशाखातल्या भर दुपारी. त्यांना पोचवून मी बालवाडीत आले. एका आईनं पोरांना निजवलं होतं. सगळी सतरंजीवर गाढ झोपलेली, कपाळं कोरडी. मी त्यांच्यातच आडवी झाले आणि पोटभर रडले. एकही पोर जागं झालं नाही.