काळवंडलेलं अस्वल

हॉलिवूडच्या आमच्या कार्टून स्टुडिओत एमेट प्रूइट फुटणाऱ्या सिगारची चित्रं काढायचा. त्याची पेन्सिलची चित्रं आम्ही शाईखात्यातल्या बायका गिरवून रंगवायचो. कोल्ह्याने अस्वलाला सिगार द्यायची, अस्वलाने ऐटीत झुरका मारायचा, धडाम, आणि धूर विरला की काजळी फासलेलं तोंड. युद्धाच्या आधीपासून जवळपास प्रत्येक फिल्ममध्ये हे असायचंच. एमेटचा हात त्यात बसलेला, म्हणून दर वेळी त्याच्याच टेबलावर यायचं. मला पाणी काढायला द्या, झाडं द्या, असं त्याने आमच्या दिग्दर्शकाला, हार्लनला, कितीदा तरी सांगून पाहिलं. हार्लन नुसती पाठ थोपटायचा.

एमेटच्या पन्नासाव्या वाढदिवशी मंडळींनी त्याला खरोखरची फुटणारी सिगार दिली. त्याने ती बोटांत फिरवली. आत काय आहे ते त्याला कळलं असणारच, तरी त्याने ती पेटवली. बार झाला, भुवया करपल्या, सगळे खिदळले. एमेट जागचा हलला नाही. चिडला नाही, हसलाही नाही. शेवटची बस चुकलेला माणूस रस्त्याकडे बघतो तसा आमच्याकडे बघत राहिला. हसणं आपोआप विरलं. मी त्याला ओला रुमाल दिला.

हार्लन मात्र खूश. म्हणाला, "अस्वलाला हाच चेहरा दे."

"देतो," एमेट म्हणाला. "पण यापुढे मी सिगार काढणार नाही."

फिल्म लागली तेव्हा मी एमेट आणि त्याच्या बायकोशेजारी, लेनोरशेजारी, बसले होते. अस्वलाचं ते तोंड पाहून लोक डोळे पुसेपर्यंत हसले. लेनोर हसली नाही.

"रोज संध्याकाळी तू दारात असाच उभा असतोस," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय."

एमेटने तिचा हात धरला.

सोमवारी पुन्हा सिगार आली. त्याने ती परत पाठवली. हार्लनने आदळआपट केली, काढून टाकायची धमकी दिली, शेवटी ते काम दुसऱ्याच्या गळ्यात घातलं आणि एमेटला नदी काढायला दिली.

थकवा काही त्याच्या अंगातून गेला नाही. इतक्या वर्षांचा होता. नदीही काही सोपी नव्हती. पण आता दुपारी लेनोर डबा घेऊन यायची, आणि दोघं स्टुडिओच्या पायरीवर बसून सावकाश जेवायची.