फडकेकाकांचं ‘बरोबर’

त्यांचं आडनाव फडके नव्हतं. सायकलवाल्यांच्या ग्रुपवर कुणी काहीही विचारलं, चेन खडखडतेय, ब्रेक किंचाळतोय, पुढचं चाक डुगडुगतंय, तरी यांच्या उत्तराची सुरुवात ठरलेली असे: आधी एक जुनं फडकं घ्या. सायकलीचे निम्मे आजार मळाचे असतात आणि उरलेले निम्मे मळाखाली लपलेले असतात, असं त्यांचं म्हणणं. त्यावरून कुणीतरी गमतीनं त्यांना फडकंकाका म्हणालं, त्याचं फडकेकाका झालं, आणि मागाहून ग्रुपात आलेल्यांना ते आडनावच वाटू लागलं. एकानं तर लग्नाची पत्रिका ‘श्री. व सौ. फडके’ अशी पाठवली. ती बायकोपुढे धरून ते म्हणाले, “बघ, तुझं आडनाव पुन्हा एकदा बदललं.”

सगळी नोकरी त्यांनी वीजबिलाच्या खिडकीमागे काढली होती. काचेला हात जाईल एवढं भोक, आणि पलीकडे रांग. इतक्या वर्षांत लोकांनी त्यांना दोनच गोष्टी विचारल्या: रांग हीच का, आणि जेवणाची सुट्टी कधी संपणार. त्यामुळे निवृत्त झाल्यावर ग्रुपवर पहिल्यांदा कुणीतरी त्यांना खरोखरचा प्रश्न विचारला, तेव्हा ते इतका वेळ बोलत राहिले की समोरच्या चहावर साय धरली.

टाइप करायचा त्यांना कंटाळा. ते बोलूनच निरोप पाठवत. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, बाहेर अरुंद गॅलरी, गॅलरीत छताच्या आकड्याला टांगलेली सायकल आणि तिच्याखाली बिस्किटांच्या जुन्या डब्यात पाने, पक्कड, ग्रीसची डबी. तिथे स्टुलावर बसून ते सांगत, “नट आवळताना अंगातला राग काढू नका, नट लक्षात ठेवतो.” आतून बायको विचारायची की स्वयंपाकघरातल्या नळाच्या लक्षात काय काय आहे, तो महिनाभर गळतोय. तिची स्वतःची सायकलही मंडईला जाताना अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशी कुरकुरत असे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ती शेजारणीला सांगायची. ते म्हणत, उद्या बघतो.

त्यांचं सगळंच अचूक असे असंही नाही. एकदा त्यांनी ब्रेकचे रबर रॉकेलनं पुसायला सांगितलं आणि एक जण थेट कुंपणात जाऊन थांबला. तेव्हा आपली चूक कबूल करायला त्यांनी आठवडा लावला होता. पण लोक त्यांना विचारत. विचारत, यातच त्यांचं सगळं होतं.

एका सकाळी बायको दूध आणायला खाली गेली असताना ते असाच निरोप बोलत होते. मागच्या चाकातले छर्रे कसे काढायचे, असं कुणीतरी विचारलं होतं. ती वर आली तेव्हा ते गॅलरीत भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते, तोंड एका बाजूला ओघळलं होतं, फोन मांडीवर होता. निरोप गेला होता. त्याची सुरुवात नेहमीसारखी होती, मग शब्द एकमेकांना चिकटायला लागले, आणि शेवटी नुसता आवाज उरला.

दवाखान्याच्या बाकावर बसून तिनं तो फोन उघडला. खाली लोकांची उत्तरं होती. काका, सकाळी सकाळीच बसलात की काय? आणि हसणारे चेहरे, खूपसे. तिला कुणाचाच राग आला नाही. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत. तिनं एवढंच लिहिलं की त्यांना बरं नाही, अर्धांगाचा झटका आलाय. मग ते हसरे चेहरे एकेक करून नाहीसे होत गेले. ती बघत राहिली.

उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही गेलं. डॉक्टरांनी समजावलं की ऐकलेलं त्यांना बरंचसं कळतं, पण सांगायला शब्द सापडत नाहीत. काही आठवड्यांनी एक शब्द सापडला. “बरोबर.” तिनं आनंदानं मुलीला परगावी फोन करून सांगितलं. पण मग दिसलं की पाणी हवं असलं तरी बरोबर, पाठ दुखली तरी बरोबर, आणि पंखा बंद कर म्हणायचं असलं तरीही बरोबरच. मानेचंही तसंच. हो म्हणायचं असताना ती आडवी हलायची, नाही म्हणताना उभी. बोलायला शिकवणारी बाई आठवड्यातून एकदा यायची. ती म्हणाली, असं होतं, एकच शब्द जिभेवर बसतो, धीर धरा. बायकोनं धीर धरला. आवाजाच्या चढउतारावरून आपल्याला त्यांचं मन ओळखू येतं, असं तिला हळूहळू वाटायला लागलं.

सुरुवातीला ग्रुपातली माणसं येऊन गेली. फळं आणली. खाटेभोवती उभं राहून थोडा वेळ काकांशी बोलली, मग आपापसात रविवारी कुठल्या रस्त्यानं जायचं ते बोलली. न बोलणाऱ्या माणसाशी किती बोलणार? पुढे येणं कमी झालं, आणि मग थांबलं.

दुपारी ती त्यांना ग्रुपवरचे निरोप वाचून दाखवायची. तेवढ्यापुरते त्यांचे डोळे जागे होत. ग्रुपवर आता एक नवा सल्लागार उभा राहिला होता. त्याच्या फोटोत चेहऱ्यापेक्षा हेल्मेटच जास्त दिसे, म्हणून ती त्याला हेल्मेटवाला म्हणायची. कुणी विचारायचा अवकाश, त्याचं उत्तर हजर.

एके दुपारी प्राथमिक शाळेतल्या एका बाईंचा प्रश्न आला. त्या रोज सायकलनं शाळेत जात. पडल्यामुळे डावं पेडल वाकलं होतं, नवं आणलं होतं, पण जुनं काही केल्या निघत नव्हतं. हेल्मेटवाल्यानं लिहिलं: गंजलंय. तेल सोडा, पान्यावर लोखंडी नळी चढवा म्हणजे जोर येईल, आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवा, कुठलाही नट सोडवतो तसं. त्याखाली बाईंनी लिहिलं होतं, फडकेकाका असते तर एकदा त्यांना विचारलं असतं.

‘असते तर’ हे तिला लागलं. ती म्हणाली, “अहो, तुमची आठवण काढलीय बघा,” आणि सगळं पहिल्यापासून सावकाश वाचलं.

ते कोपरावर उठले. झटक्यानंतर पहिल्यांदाच. “बरोबर,” म्हणाले. मग मोठ्यानं, “बरोबर, बरोबर!” डाव्या हातानं त्यांनी खाटेच्या कडेवर थाप मारली. त्यांच्यात एवढा जीव तिनं कितीतरी महिन्यांत पाहिला नव्हता.

“म्हणजे तो म्हणतोय तसंच करायचं ना?”

“बरोबर!” त्यांनी हात हवेत उचलला, मूठ वळली, आणि ते ती फिरवत राहिले, पाना फिरवावा तशी. ती त्यांच्या समोर बसली होती. त्यांचा काट्यांच्या दिशेनं फिरणारा हात तिला उलटा फिरताना दिसला.

“हो हो, कळलं मला,” ती म्हणाली, आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत तिनं लिहिलं: काका आहेत. काका म्हणतात बरोबर आहे. नळी लावून करा.

वर पाहिलं तर ते रडत होते. आनंदानं असेल, असं समजून तिनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं.

पुढच्या आठवड्यात बाईंचा फोन आला. आधी त्यांनी काकांची चौकशी केली. मग सांगितलं की त्या दिवशी त्यांनी आणि त्यांच्या भावानं मिळून नळीवर जोर लावला, पेडल निघायच्या ऐवजी आणखी आवळलं, आतले आटे गेले, आणि नळी सटकून बाईंचा अंगठा मधे सापडला. तो आता पूर्ण वाकणार नाही, असं डॉक्टर म्हणतात. खडू धरताना त्रास होतो.

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. “काकू, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात म्हणे, ते काट्यांच्या दिशेनंच सुटतं,” त्या म्हणाल्या. “दुकानदारानं सांगितलं. काकांना तर हे माहीत असणारच. मग ते बरोबर कसं म्हणाले?”

फोन ठेवून ती खाटेजवळ आली. लपवून ठेवायचं तिच्या मनात आलं होतं, पण त्यांनी ऐकलं होतं, निदान तिची बाजू तरी. तिनं त्यांना सगळं सांगितलं, अंगठ्याचंही. शेवटी म्हणाली, “मला कळायला हवं होतं हो. तुम्ही नकोच म्हणत होतात ना?”

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

त्यानंतर त्यांच्या तोंडून तो एक शब्दही आला नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाईनं चित्रं दाखवली, आरशासमोर बसवलं, गाणी म्हणून पाहिली. ओठ हलले नाहीत. शेवटी तिनं बायकोला दाराशी नेऊन सांगितलं की जे परत यायचं ते पहिल्या काही महिन्यांतच येतं, तो काळ आता सरला, आणि त्यांनीच मनावर घेतलं नाही तर आपण काय करणार? ती यायची बंद झाली.

ग्रुप चालवणाऱ्यानं एक निरोप टाकला: काकांना विश्रांतीची गरज आहे, त्यांना प्रश्न विचारून त्रास देऊ नये. खाली सगळ्यांनी हात जोडले. हेल्मेटवाल्याला कुणी काही बोललं नाही. त्याच दिवशी त्यानं कुणालातरी गिअरची तार किती ताणायची ते सांगितलं. तिनं वाचून दाखवणं सोडलं, आणि मग ग्रुपही सोडला. काकांचं नाव गेलं हे कुणाच्या ध्यानात आलं असेल, असं तिला वाटत नाही.

तीन मजले त्यांना उतरवणं आणि चढवणं तिच्या आवाक्यातलं राहिलं नव्हतं. मुलीनं तळमजल्यावरची एक खोली बघून दिली. तिथे गॅलरी नव्हती, म्हणून निघण्याआधी सायकल काढून टाकली. जो न्यायला आला त्यानं टायर दाबून पाहिले, चाक फिरवलं आणि विचारलं, हिच्यात काही बिघाड आहे का. ती म्हणाली, मला त्यातलं काही कळत नाही. त्यानं सायकल खांद्यावर घेतली आणि खाटेशेजारून नेली. ते जागे होते.

नव्या खोलीची खिडकी शेजारच्या इमारतीच्या भिंतीवर उघडते. अंगाला जखमा होऊ नयेत म्हणून ती त्यांना दिवसातून चारदा कुशीवर वळवते, कधी खोलीकडे, कधी खिडकीकडे. कुठली बाजू बरी वाटते, असं सुरुवातीला ती विचारायची. आता विचारत नाही. वळवते, पाठीशी उशी लावते आणि भाजी चिरायला बसते.