जड पाण्याच्या बाई

आमच्या शहरात कुणाचाही गीझर बिघडला की दोष एकाच बाईंचा असायचा. त्या पालिकेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासायच्या, म्हणून सगळे त्यांना पाणीबाई म्हणत. शहराचं पाणी खोल विहिरींतून, चुनखडीच्या खडकातून यायचं. ते जड होतं, क्षारांनी भरलेलं, आणि बाई जन्मायच्या आधीपासून जड होतं. पण खडकाशी जाऊन भांडणं अवघड. बाई बसस्टॉपवर रोज भेटत.

काम तसं देखणं होतं. गल्लोगल्लीच्या नळांचं पाणी बाटल्यांतून यायचं. ते आधी लालसर करायचं, मग वरून औषधाचे थेंब सोडत राहायचं आणि रंग निळा झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं पाणी जड. आमच्या पाण्याला निळं व्हायची घाई कधीच नसायची. शेवटी बाई दारावरच्या फळ्यावर लिहायच्या, 'पाणी जड आहे, पण पिण्यास योग्य आहे.' हे अगदी खरं होतं आणि तेच लोकांना झोंबायचं. केस गळणाऱ्या माणसाला पाणी प्यायला चांगलं आहे हे कळून काय समाधान मिळणार?

त्यातून बाईंच्या यजमानांचं दुकान नळ आणि शॉवरचं. जड पाण्याने शॉवरची भोकं बुजायची, नळ आखडायचे आणि गिऱ्हाईक पुन्हा दुकानात हजर. नवरा नळ विकतो, बायको नळातलं पाणी तपासते. यात पाणी कुठे मुरतंय हे ओळखायला लोकांना प्रयोगशाळा लागत नव्हती. अख्खं शहर त्या जोडप्याला पाण्यात पाहायचं.

घरी सासूबाई. त्या नळाच्या पाण्याला नेहमी 'तुझं पाणी' म्हणायच्या.

"बघ, तुझ्या पाण्याने कोऱ्या चहावर साय धरली. दुधाचा थेंब नसताना!"

"आई, ते क्षार आहेत. त्यांनी काही होत नाही."

"होत नाही कसं? तुझे सासरे गेले ना?"

सासरे नव्वदी ओलांडून, झोपेत गेले होते.

मग निवडणुका जवळ आल्या आणि नगराध्यक्षांना जनतेच्या केसांची काळजी वाटू लागली. त्यांच्या स्वतःच्या डोक्यावर काळजी करण्याजोगं काही उरलं नव्हतं, तेव्हा ही कळकळ निव्वळ निःस्वार्थी होती. पाणी मऊ करणारं मोठं यंत्र बसवायचं ठरलं. बैठकीत बाई म्हणाल्या, "साहेब, एकदम नको. आपले पाइप जुने, लोखंडी. आतून क्षारांचा जाड थर बसलाय. पाणी अचानक बदललं तर तो थर सुटेल आणि खालचा गंज नळातून येईल. हळूहळू करू."

"मॅडम, फीत हळूहळू कापता येत नाही," नगराध्यक्ष म्हणाले.

सगळे हसले. तेवढ्यात चहा आला. बाईंनी तेव्हाच टेबलावर हात आपटायला हवा होता, पण इतकी वर्षं 'तुझं पाणी' ऐकून त्यांचेही कान किटले होते. एकदाचं मऊ पाणी येऊ दे, असं त्यांनाही वाटत होतं. त्यांनी चहाचा कप उचलला.

उद्घाटनाला नगराध्यक्षांनी व्यासपीठावर ग्लासभर पाणी पिऊन "मऊ!" असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पुढचे काही दिवस शहर प्रेमात पडल्यासारखं वागत होतं. साबणाला फेस येत होता. पार्लरवाली प्रत्येकीला केस चाचपून बघायला लावत होती. सासूबाईंनी चहाच्या कपात वाकून पाहिलं, बोलण्यासारखं काहीच सापडलं नाही आणि त्यांचा तो दिवस वाईट गेला.

मग नळ खोकायला लागले. आधी पिवळसर पाणी आलं, मग विटकरी. लाँड्रीवाल्याकडून हॉटेलच्या पांढऱ्या चादरी तांबड्या होऊन परतल्या. दातांच्या डॉक्टरकडे एकाने चूळ भरायला ग्लास उचलला, आतला रंग पाहिला आणि डॉक्टरांनी तोंडात हात घालायच्या आधीच किंचाळला.

लोक बाटल्या घेऊन प्रयोगशाळेवर धडकले. पार्लरवाली सगळ्यांत पुढे.

"बाई, आमचं जुनं पाणी परत द्या!"

"त्याने केस गळतात, असं तुम्हीच म्हणायचात."

"गळायचे, पण आपापल्या रंगाचे गळायचे!"

मागून एकजण ओरडला, की मऊ पाण्याने साबण अंगावरून उतरतच नाही. दुसऱ्याची तक्रार होती, की या पाण्याला चवच नाही, जुन्या पाण्यात कसा दम होता. तेवढ्यात नगराध्यक्षांचा फोन आला.

"मॅडम, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"सांगितलं होतं, साहेब."

"हो, पण जोर देऊन नाही सांगितलंत."

दिवसभरात बाईंनी पुष्कळ ऐकून घेतलं होतं. लागलं ते हे एकच वाक्य, कारण ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या कुणालाही न विचारता पंपावरच्या इंजिनियरकडे गेल्या आणि म्हणाल्या, "यात जुनं पाणी मिसळा. आज, आत्ता. साहेबांना मी बघते." इंजिनियरने त्यांना इतक्या वरच्या आवाजात बोलताना कधी ऐकलं नव्हतं. त्याने मुकाट्याने व्हॉल्व्ह फिरवला. नंतर बाई घरोघर हिंडल्या. सकाळचं पहिलं पाणी सोडून द्या, मगच भरा, असं सांगत राहिल्या. काहींनी ऐकलं, काहींनी तोंडावर दार लावलं. आठवड्यात सगळं नितळ होईल असा त्यांचा अंदाज होता. तोही चुकला. रंग जायला महिने लागले.

आता आमचं पाणी अर्धं जड, अर्धं मऊ आहे. फेस बेताचा, क्षारही बेताचे. दोन्ही बाजूंचे लोक सारखेच नाराज आहेत. आमच्याकडे यालाच तोडगा म्हणतात. नगराध्यक्षांनी त्याला 'संतुलित पाणी योजना' असं नाव दिलं आणि ते आरामात निवडून आले.

बाईंनी त्यानंतर सांडपाणी विभागात बदली मागितली. नगराध्यक्ष चकित झाले.

"अहो मॅडम, तिकडे कुणी फिरकतसुद्धा नाही."

"तेच बरं पडेल, साहेब."

शहराबाहेरच्या मोठ्या टाक्यांपाशी आता त्यांचं टेबल आहे. दुपारी त्या खिडकीजवळ बसून निवांत डबा खातात. वास येतो, हे त्यांना मान्य आहे. पण तो त्यांच्यामुळे येतो, असं अजून तरी कुणी म्हटलेलं नाही.