दादांच्या गिटारचा मोर

आमच्या गाण्याच्या पार्टीत कुठलीही वस्तू दुरुस्तीला गेली, की ती एकटी परत येत नाही. सोबत एक किस्सा घेऊन येते! वस्तू पुन्हा बिघडते, किस्सा मात्र ठणठणीत राहतो. ऑर्गनचे, माईकचे, जीपच्या टायरचे असे इतके किस्से साठलेत, की चहाला बसलो की आधी कुठला सांगायचा यावरून भाऊरावचं आणि माझं वाजतं. आज भाऊराव नाही. तेव्हा मी ठरवणार! आज फक्त मधुकरदादांच्या गिटारचे.

पार्टीचं नाव 'तरुण गायन पार्टी', मुक्काम आदिलाबाद. नाव ठेवलं तेव्हा ते खरं होतं! मधुकरदादा गिटारवर, त्यांची बायको सुमनवहिनी गायला, भाऊराव ऑर्गनवर आणि मी कोंगोवर. दिवसा दादा शाळामास्तर, भाऊराव जंगलखात्यात कारकून, मी तहसीलमध्ये. जयंतीचे दिवस आले की रजा टाकायची आणि जीपमध्ये बसायचं. आता सगळे पेन्शनर.

गिटार जपानी. दादांनी तरुणपणी हैदराबादला एका हॉटेलातल्या बँडवाल्याकडून घेतलेली. लालभडक, आणि अंगावर इतकी बटणं, की एकदा लायटिंगवाल्याने स्टेजवर येऊन विचारलं, "मास्तर, यातलं पंख्याचं कोनतं?"

गाणं सुरू व्हायच्या आधी दादा एक तार छेडायचे आणि घोडीला लावलेली लोखंडी दांडी हळूच दाबायचे. दांडी दाबली की तारांखालची घोडी हलायची आणि सूर थरथरत पार मैदानाच्या टोकापर्यंत जायचा. तो ऐकला की मागे शेंगदाणे खात उभी असलेली माणसं पुढे सरकायची. त्या सुराचं शेवटचं टोक धरून वहिनी गायला लागायच्या. आमची ओळख म्हणजे तो सूर. तसा दुसऱ्या कुठल्या पार्टीत मी ऐकला नाही, आणि हे मी पार्टीचा म्हणून सांगत नाही. बरं, पार्टीचा म्हणूनच सांगतो!

काही वर्षांपूर्वी दादांनी गिटार पेटीत ठेवली. "दांडी हरवली. पार्ट मिळत नाईत," म्हणाले. खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा उजवा हात कापायला लागला होता. वहिनी त्यांचा चहाचा कप अर्धाच भरायच्या. पण दादा 'पार्ट' म्हणायचे, म्हणून आम्हीही 'पार्ट'च म्हणायचो.

गेल्या हिवाळ्यात वहिनींनी मला आणि भाऊरावला घरी बोलावलं. "माजा आवाज आता एखाद्या जयंतीपुरता उरला हाय," त्या म्हणाल्या. "गाईन तर यायच्या गिटारीवर, नाई तर नाई. तुमी पार्ट आना. मंग पाहू काय म्हन्तात ते!"

•

सुरुवात गुडीहत्नूरपासून. गिटारमधली एक कॉइल जळलेली होती. हायवेवर मल्लेशचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतातल्या पंपांच्या मोटारी त्याच्या दारात रांगेने पडलेल्या असतात. त्या रांगेत आम्ही गिटार घेऊन बसलो. दादांनी हात उपरण्याखाली ठेवला होता.

मल्लेशने कॉइल हातात घेतली, उलटसुलट केली आणि विचारलं, "कितने एचपी का है?"

"याला एचपी नसते बा," भाऊराव म्हणाला. "आवाज खींचता है ये."

"कितने फूट से?"

भाऊरावने दादांकडे बोट दाखवलं. दादाच म्हणाले, "मैदान के उस कोने से आदमी को खींचता था."

मल्लेशने कॉइल उजेडात धरली. मग म्हणाला, "तो तार एकदम बारीक लगेगा." कुठल्याशा जुन्या रिलेतली केसासारखी तार काढून त्याने बायकोच्या शिलाई मशीनवर कॉइल गुंडाळली. पहिल्यांदा तुटली, दुसऱ्यांदाही तुटली. तिसऱ्यांदा बसली. दुकानातल्या जुन्या भोंग्याला गिटार जोडली आणि मी तार छेडली, तर हायवेवरचा आवाज फाडत सूर निघाला!

रांगेत एक शेतकरी आपली मोटार घेऊन बसला होता. तो ताडकन उठला आणि मल्लेशला म्हणाला, "माजीबी अशीच बांध रे!"

•

मग गिटारच्या मानेवरची पट्टी. तारा जिच्या खाचांत बसतात ती. तिचा तुकडाच पडला होता. पूर्वी अशा पट्ट्या हाडाच्या, शिंगाच्या करत. मी भाऊरावला म्हटलं, "तू जंगलखात्यातला मानूस. एखादं सांबराचं शिंग..."

"शिंगाचं नाव काढू नको!" भाऊराव ओरडला. "तुजी पट्टी होईन, माजी पेन्शन जाईन!"

वहिनींच्या डोक्यात आलं, की दातासारखं काहीतरी हवं तर दाताच्या डॉक्टरकडेच जावं. गेलो चौघं. आमचा नंबर लागला. डॉक्टर घाईत होता. काही बोलायच्या आत त्याने दादांना खुर्चीत टेकवलं, दिवा लावला आणि म्हणाला, "मुँह खोलो." दादा पडले मास्तर, शिस्तीचे. त्यांनी तोंड उघडलं!

"डॉक्टरसाब, पेशंट ये नहीं," मी पिशवीतून गिटारची मान बाहेर काढली. "ये है."

डॉक्टर हसायचा थांबेना. पण माणूस रसिक. कवळीच्या मसाल्याची पट्टी करून देतो म्हणाला. मग सवयीने त्याने दातांच्या रंगांचं कार्ड काढलं आणि दादांच्या दाताला लावायला लागला.

"यायच्यासारखा नोको," वहिनी म्हणाल्या. "पिवळा होईन. माज्या दातासारखा द्या!"

पट्टी अगदी झकास बसली. निघताना डॉक्टरने दादांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "दो दिन कुछ कड़क मत खाओ."

•

एक पार्ट बसला, की दादांना दुसरा मोडका सापडायचा. आवाजाचं बटण सैल आहे. तारा पिळायची खुंटी फिरते. भाऊराव चिडायचा, "हे गिटार हाय का घराचं बांधकाम? सरूनच नाई राह्यलं!" मी त्याला गप्प बसवायचो. दादा का शोधून राहिले, ते मला कळत होतं. सगळं नीट झालं की मग वाजवावं लागणार होतं.

असाच त्यांना पट्टा जुना सापडला. बाजारहत्नूरच्या बाजारात बैलांच्या साजाचं दुकान लागतं. दोर, गोंडे, घुंगरांचे चामडी पट्टे. दादांनी एक रुंद पट्टा निवडला आणि खांद्यावर टाकून पाहिला. दुकानदार म्हातारा, नजर अधू.

"डाव्या बैलाले का उजव्या?" त्याने विचारलं.

"उजव्या," दादा म्हणाले. त्यांना वाटलं, हाताचं विचारतो आहे.

"एकच घेता? जोडीदार कोठी हाय मंग?"

 दादांनी मागे वळून वहिनींकडे पाहिलं. वहिनी भाजीच्या पिशव्या घेऊन उन्हात उभ्या होत्या. मी त्या दोघांना स्टेजवर हजारदा शेजारी शेजारी उभं पाहिलंय, पण त्या दिवशी बैलाच्या साजाच्या दुकानात मी उगाच गोंड्यांचा भाव विचारायला लागलो. काय करणार!

पट्ट्याचं एक घुंगरू मात्र काढायचं राहून गेलं. ते अजून आहे.

•

मध्येच एक फोन आला. भाऊरावने गिटारचे फोटो कुठल्याशा ग्रुपवर टाकले होते, 'पार्ट पाहिजेत' म्हणून. पार्ट कोणी दिले नाहीत, पण मुंबईहून एक जुन्या गिटारी जमवणारा बोलला. अशा गिटारी फार कमी उरल्या आहेत म्हणे. आहे तशी विकत घेतो, फक्त काही बदलू नका. "आणि हो, पुसूही नका. जुना मळ तसाच राहू द्या. त्यालाच किंमत असते."

फोन स्पीकरवर होता. वहिनी आदल्या दिवशीच चिंच आणि राखेने गिटारची बटणं घासून बसल्या होत्या. भाऊराव हिशोबी माणूस, त्याचा चेहरा पडला. दादा मात्र वहिनींकडे बघत होते. 'विका' म्हणाल्या असत्या, तर एका झटक्यात सुटका होती.

वहिनींनी फोन हातात घेतला. "भाऊ, मळच पायजे असन तर आमच्या मोरीतला पाठवतो. गिटार नाई!"

•

राहिली होती दांडी. तीच खरी. घोडीखालच्या स्प्रिंगा मी शिलाई मशीनच्या दुकानातून आणल्या होत्या. त्या इतक्या मऊ निघाल्या, की घोडीवर नुसतं बोट ठेवलं तरी सूर हलायचा. "जरा कडक पायजे होत्या," दादा म्हणाले. पण दांडी कुठेच मिळेना.

उटनूरच्या पलीकडे मेणाचा साचा करून पितळ ओतणारे कारागीर आहेत. त्यातला लिंगू आमच्या ओळखीचा, आमच्या प्रोग्रामला यायचा. त्याला कागदावर दांडी काढून दिली. साधी, वाकडी, दुसरं काही नाही. "समजलं," म्हणाला.

घ्यायला गेलो तर दांडीच्या टोकावर चांगला मुठीएवढा मोर! पिसारा, तुरा, पायात कडीसुद्धा.

"लिंगू, मोर काऊन बसवला रे?"

"नुसती दांडी देऊ?" लिंगूला रागच आला. "आमच्या हातची वस्तू बोडकी जात नाई!"

मोर जड, त्यात दांडीचे आटे जरा सैल. मल्लेशने दोरा गुंडाळून ती कशीबशी घट्ट केली. गिटार दादांच्या मांडीवर ठेवली. दादांनी ती खूप वेळ पाहिली. खुंट्या पाहिल्या, बटणं फिरवली, पट्टा ओढून पाहिला. मोडकं काहीच सापडेना.

"आता काय राह्यलं?" त्यांनी विचारलं.

"तुमी," वहिनी म्हणाल्या.

•

जयंतीच्या संध्याकाळी चौकात निळे झेंडे लागले होते. 'तरुण गायन पार्टी' असं निवेदकाने पुकारलं तसे लोक हसले, मग टाळ्या पडल्या. मल्लेश आला होता, लिंगू पोराबाळांसह पुढे बसला होता. वहिनी माईकसमोर जाऊन उभ्या राहिल्या. दादा गिटार घेऊन स्टेजच्या पायरीशी आले, मी शेजारीच होतो, आणि तिथेच दोरा सुटला. मोरासकट दांडी निखळून माझ्या हातात पडली!

"दादा, थांबा," मी म्हटलं, "दोरा गुंडाळतो."

निवेदक दुसऱ्यांदा पुकारत होता. मला वाटलं, संपलं. इतकी वर्षं दादा जे कारण सांगत होते, ते आज खरं होऊन माझ्या हातात आलं होतं. 'दांडी नाही' म्हणाले असते, तर कोणाला काही बोलता आलं नसतं.

दादांनी मोराकडे पाहिलं. वर वहिनींच्या पाठीकडे पाहिलं. "ठेव तुज्यापाशी," म्हणाले, आणि चढले.

मी मागोमाग जाऊन कोंगोवर बसलो. दादांनी उपरणं काढून ठेवलं. हात पहिल्या रांगेला दिसत होता, कापत होता. त्यांनी त्याच हाताचा तळवा घोडीवर टेकवला, मऊ स्प्रिंगांवर घोडी हलली आणि त्यांनी अंगठ्याने तार छेडली.

सूर निघाला. थरथरत, लांबत, चौक ओलांडून पार रस्त्यापर्यंत गेला. मागे शेंगदाणे खात उभी असलेली माणसं पुढे सरकली. वहिनींनी वळून पाहिलं नाही. त्यांनी त्या सुराचं शेवटचं टोक धरलं आणि गायला लागल्या. मला ठेका धरायचंही भान राहिलं नाही, भाऊरावने डोळे वटारले तेव्हा हात चालले.

गाणं संपलं. टाळ्या थांबेनात. लिंगू उभा राहिला आणि सगळ्या चौकाला ऐकू जाईल असा ओरडला, "पाह्यलं का! माजा मोर कसा बोलून राह्यला!"

मी खिसा चाचपला. मोर तिथेच होता.